काँक्रीटचा ओटा माणसात आणताना : इंदिरानगर, नाशिक

ओटा साडेनऊ फूट लांब, दोन फूट रुंद, दोन इंच जाड. २०२२ च्या उन्हाळ्यात घराचं काम काढलं तेव्हा जागेवरच ओतला. आई म्हणत होती ग्रॅनाइट घे, गवंडी म्हणत होता ग्रॅनाइट घ्या. माझ्या डोळ्यांसमोर मात्र आजोळच्या वाड्यातला गार, गुळगुळीत कोबा होता, त्यामुळे मी कुणाचं ऐकलं नाही. अडीच वर्षांत ओट्याची अशी रया गेली की पाहुणे आले की आई त्यावर वर्तमानपत्र अंथरायला लागली. म्हणून हे काम काढलं. कुणाच्या घरी असाच ओटा असेल तर निदान माझे वाया गेलेले दिवस तरी त्याचे वाचावेत, एवढ्यासाठी या नोंदी.

४ जानेवारी २०२५, शनिवार

खडू घेतला, प्रत्येक खुणेभोवती गोल काढला आणि नंबर टाकले. अकरा भरले. शेगडीच्या उजवीकडे हळदीचे तीन (१ ते ३). कढई उतरवायच्या जागी तेलाचे काळपट दोन (४, ५). लिंबू-टोमॅटो चिरायच्या जागी पांढुरके चार (६ ते ९). नळाच्या बुडाशी क्षारांचा पांढरा थर (१०). खिडकीखाली लोखंडी खलबत्त्याच्या बुडाचा गंजाचा गोल (११).

मग ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाकून घड्याळ लावलं. भिंतीकडेला थेंब दहा मिनिटं मोत्यासारखा उभा. सिंकच्या पुढे, जिथे रोज हात फिरतो, तिथे मिनिटाभरात ओट्याने थेंब पिऊन टाकला आणि खाली काळा ठिपका राहिला. म्हणजे कामाच्या जागेवरचं सीलर (पाणी, डाग आत जाऊ नयेत म्हणून मारलेला लेप) गेलेलं आहे, कोपऱ्यात शाबूत आहे. हे सीलर कोणतं होतं? गवंड्याने बाहेरच्या दगडी भिंतीला मारतात ते चकचकीत ॲक्रिलिक मारलं होतं. मी तेव्हा चकाकी बघून खूश झालो होतो.

आणखी एक गोष्ट टिपून ठेवली. खिडकीतून सकाळचं ऊन ओट्याच्या ज्या पट्ट्यावर येतं तिथे एकही पिवळा डाग नाही. हळद तिथेही सांडतेच.

५ जानेवारी, रविवार

आधी भांड्यांचा लिक्विड साबण आणि कोमट पाणी. वरचा चिकटा गेला, डाग जिथल्या तिथे. मग मी धुण्याचा सोडा काढला. भिजवून १ नंबरवर थापला आणि पाच मिनिटांत पिवळा डाग लालभडक झाला. माझ्या पोटात गोळा आला. आई मागून डोकावली, "अरे, कुंकू केलंस की!"

खरंच तेच केलं होतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, सोड्यानेही होते. पांढऱ्या शर्टावर वरण सांडून साबण लावला की दिसतं तेच. धुऊन काढल्यावर लाल पुन्हा मातकट पिवळा झाला, पण डाग तसूभर हलला नाही. अर्धा रविवार गेला. हळदीवर सोडा घासू नका, नुसता रंगाचा खेळ होतो.

६ ते ९ जानेवारी

उन्हाने हळद उडते, तर पेरॉक्साइडनेही उडायला हवी असं वाटलं. मेडिकलमधून सहा टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं, घरात मुलतानी माती होतीच, दोन्ही कालवून पोटीस, म्हणजे डाग ओढून घेणारा लेप, बांधायला घेतलं. वाटीतच फसफसून वर आलं. मातीत लोखंडाचा अंश असतो, तो पेरॉक्साइडचा जोर वाटीतच उतरवतो. वर डागाच्या कडेला मातीचा तांबूस रेघोटा राहिला तो वेगळाच.

दुसऱ्या दिवशी खायचा सोडा आणि पेरॉक्साइड. श्रीखंडाइतकं घट्ट, पाव इंच जाड, डागाच्या बाहेर बोटभर जाईल इतकं पसरून. वर प्लास्टिक, चारही कडांना चिकटपट्टी. चोवीस तास झाकून ठेवायचं आणि मग उघडं करून पूर्ण सुकू द्यायचं. हे सुकू देणं मी पहिल्या वेळी टाळलं होतं, ओलंच खरवडलं. सुकतानाच पोटीस आतला रंग वर ओढून घेतं. १ आणि २ दोन खेपांत गेले. ३ जुना होता, त्याला तीन खेपा लागल्या आणि तरी सावलीसारखा उरला. तो मी उन्हावर सोडला, म्हणजे रोज सकाळी दोन तास खिडकीतला पडदा बाजूला.

हातमोजे घालायला विसरलो. बोटांची टोकं पांढरीफटक पडून चुरचुरली, संध्याकाळी पूर्ववत झाली.

हेच पोटीस ४, ५ या तेलाच्या डागांवर लावलं. काही नाही. ६ ते ९ या पांढऱ्यांवर लावलं. काहीच नाही, उलट आणखी पांढरे वाटायला लागले. आई रोज विचारायची, "झालं का रे?" आणि मी रोज "उद्या" म्हणायचो.

११ जानेवारी, शनिवार

ही या सगळ्या कामातली सर्वांत मोठी चूक.

आमच्या सोसायटीत पिण्याला महापालिकेचं पाणी येतं, ते चांगलं. वापराच्या टाकीत मात्र बोअरचं पाणी मिसळतं आणि ते जड आहे. नळाच्या बुडाशी क्षारांचा थर त्याचाच. बाथरूमच्या नळांचे क्षार आम्ही व्हिनेगरने काढतो, म्हणून इथेही फडकं व्हिनेगरमध्ये बुडवून नळाच्या बुडाशी गुंडाळलं. बारीक बुडबुडे यायला लागले. मला वाटलं क्षार सुटतायत. दहा मिनिटांनी फडकं काढलं. क्षार गेले होते, आणि त्यांच्यासोबत ओट्याची वरची सालही. बोट फिरवलं तर वाळूचे कण लागले, पॉलिश पेपरवरून फिरवल्यासारखे.

क्षार म्हणजे चुना आणि सिमेंटमध्येही चुनाच. आम्लाला यातला कुठला काढायचा आणि कुठला ठेवायचा हे कोण सांगणार? तिथल्या नळांचं काही बिघडलं नाही, म्हणून मी बाथरूमची युक्ती डोळे मिटून इकडे आणली.

रात्री झोप लागेना तेव्हा डोक्यात उजेड पडला. ६ ते ९ हे डाग नव्हतेच मुळी. तीसुद्धा लिंबाने अशीच खाल्लेली जागा होती. जिथून साल गेली आहे तिथे मी चार दिवस पोटीस बांधत होतो.

१२ जानेवारी, रविवार

आज फक्त तपासणी. दोन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या, कारण एकाचा इलाज दुसऱ्याला चालत नाही.

डाग म्हणजे काहीतरी आत गेलं. बोटाला गुळगुळीत लागतो आणि ओलं केलं तरी दिसतो. हळद, तेल, चहा, गंज हे सगळे यात.

खाल्लेली जागा म्हणजे काहीतरी निघून गेलं. बोटाला खरखरीत लागते आणि ओली केली की आजूबाजूच्या रंगात मिसळून जवळजवळ दिसेनाशी होते, सुकली की परत पांढरी. लिंबू, चिंच, आमसूल, व्हिनेगर, ताक, टोमॅटो, संडासाचं ॲसिड. यांवर कोणतंही पोटीस चालत नाही. भोवतालचा भाग घासून त्या पातळीला आणणं हाच मार्ग.

हे पहिल्याच दिवशी ओल्या बोटाने बघितलं असतं तर आठवडा वाचला असता.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम बंद. आईने गुळाचा पाक केला आणि पातेलं सवयीने शेगडीवरून थेट ओट्यावर. उचललं तर बुडाला ॲक्रिलिकचा पापुद्रा आणि ओट्यावर पांढरं कडं. तेवढ्यावरून ठरलं की हे ॲक्रिलिक पूर्ण काढायचं, अर्धवट ठेवून उपयोग नाही.

(गुळावरून आठवलं : ओटा ओतताना कुणी बादलीत साखर किंवा गूळ पडू दिला तर सिमेंट धरतच नाही. गवंडी मुलांना बादलीजवळ फिरकू देत नव्हता, कारण हातात चिक्की असायची.)

१५ जानेवारीपासून

या वेळी ओट्यावर प्रयोग नाही. २०२२ मध्ये रंग बघायला ओतलेली एक फुटाची लादी बाल्कनीत कुंडीखाली होती. ती धुऊन, सुकवून, घासून तिचे चार पट्टे केले. पहिला कोरा. दुसऱ्यावर सिलेन-सिलॉक्सेनचं आत मुरणारं सीलर. तिसऱ्यावर मधमाशांचं मेण गरम तेलात विरघळवून. चौथ्यावर दोन भाग मिसळायचं पॉलियुरेथेन, मित्राच्या फर्निचरच्या कामातून उरलेलं वाटीभर. पॉलियुरेथेन पूर्ण कडक व्हायला आठवडा लागतो हे माहीत होतं, तरी कळ निघाली नाही म्हणून तिसऱ्या दिवशीच चाचणी घेतली. ते उणं धरूनच पुढचं वाचा.

प्रत्येक पट्ट्यावर लिंबाची चकती, भिजवलेली हळद, शेंगदाण्याचं तेल, लोणच्याचा खार आणि चहा. एका मित्राने घरची रेड वाइन पाठवली, नाशिकची म्हणून तिचाही मान ठेवला.

कोरा पट्टा सगळ्यांपुढे शरण. लिंबाने दहा मिनिटांत वळ उठवला.

सिलॉक्सेनने पाणी आणि चहा छान अडवले. दुसऱ्या दिवशी पुसलं तर चहाचा मागमूस नाही. मी हे घ्यायचं ठरवत होतो, तेवढ्यात लिंबाची चकती उचलली. कोऱ्या पट्ट्यासारखाच वळ, फक्त किंचित फिका. आत मुरणारं सीलर छिद्रांच्या भिंतींना पाणी नकोसं करतं, पण वर पापुद्रा धरत नाही. वरचं सिमेंट आम्लाला उघडंच राहतं. बाल्कनीच्या लादीला, अंगणाला हे उत्तम, स्वयंपाकघरात लिंबू आहे.

मेणाचा पट्टा दिसायला सर्वांत देखणा, वाड्यातल्या कोब्यासारखा. लिंबाला अर्धा तास टिकला. मग गरम कपबशी ठेवली तर कडं उमटलं. हळद मेणात पिवळी बसली, मेण खरवडलं तेव्हा तिच्यासोबत गेली. दर महिना-दीड महिन्याला मेण कोण लावणार हा प्रश्न घरात विचारला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

पॉलियुरेथेनवर लिंबू रात्रभर ठेवलं, वळ नाही. खार रात्रभर, नाही. वाइनचा फिकट गुलाबी डाग ओल्या फडक्याने गेला. हळदीने पिवळट छटा सोडली, ती लादी तीन दिवस उन्हात ठेवल्यावर उडाली. गरम तवा ठेवला तेव्हा मात्र खूण पडली आणि ती कायमची. म्हणजे आंबटाला पक्कं, तापलेल्या भांड्याला कच्चं. आमच्या घरात लिंबू रोज सांडतं आणि तवा खाली ठेवायला जागा करता येते. निवड झाली.

१८-१९ जानेवारी

स्वयंपाकघर हॉलमध्ये हलवलं. जेवणाच्या टेबलावर शेगडी, खाली सिलिंडर, टीव्हीशेजारी मसाल्याचा डबा. आई म्हणाली, "चार दिवसांचंच आहे ना?" मी हो म्हणालो.

ॲक्रिलिक काढायला थिनर. सिलिंडर दुसऱ्या खोलीत आणि रेग्युलेटर बंद, खिडक्या सताड उघड्या, पंखा बाहेरच्या तोंडाने, देव्हाऱ्यातला दिवाही विझवलेला. फडकं थिनरमध्ये भिजवून ओट्यावर, वर प्लास्टिक, पंधरा मिनिटं, मग प्लास्टिकच्या खरवडणीने ओढायचं. पापुद्रा दुधाच्या सायीसारखा गोळा होत येतो. हे मजेचं काम आहे असं पहिल्या दोन फुटांपर्यंत वाटतं. एकूण साडेसहा तास गेले. डोकं दुखलं. सिंकजवळ पाणी आत जाऊन पांढरं पडलेलं ॲक्रिलिक निघालंच नाही, ते घासायच्या खात्यात टाकलं.

२० ते २३ जानेवारी

आता पापुद्रा नाही, तर तेलाचे ४ आणि ५ परत घेतले. मागच्या वेळी पोटीस ॲक्रिलिकच्या वर बसलं होतं आणि तेल त्याच्या खाली होतं, मग ओढणार काय? शिवाय पेरॉक्साइड तेलाचं काही करत नाही. या वेळी मुलतानी माती आणि टर्पेंटाइन. हळदीला नडलेली मुलतानी तेलाला अगदी बरोबर बसली. दोन खेपांत ४ गेला, ५ ची कड राहिली.

क्रम चुकला होता. आधी जुनं सीलर काढायचं, मग डाग, मग घासणं. मी डागांपासून सुरुवात केली.

११ चा गंज : पुढे २७ ला आलेल्या फरशी घासणाऱ्या चाचांनी ऑक्झॅलिक ॲसिड सुचवलं, फरशीला ते लावतात. पण ते विषारी आहे आणि इथे कणीक मळली जाते. नको म्हटलं.

२५ जानेवारी, शनिवार

ओटा घासायला हिऱ्याचे, पाणी सोडून चालवायचे पॅड, सातांचा संच, १,४५० रुपये. ऑफिसमधल्या एकाचा चार इंची ग्राइंडर उसना. ५० नंबरचा, म्हणजे सर्वांत खरखरीत पॅड लावला, पाणी सोडलं, बटण दाबलं. पाचव्या सेकंदाला पॅड सुटून फ्रिजवर आदळला. ओट्यावर अर्धचंद्राचा खड्डा, आणि अंगावर, भिंतीवर, छतावर करडा चिखल. मग पॅडच्या मागची बारीक अक्षरं वाचली : जास्तीत जास्त साडेचार हजार फेरे. साधा ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फिरतो. वर ओल्या हाताने साधं विजेचं यंत्र धरलं होतं, हा दुसरा मूर्खपणा. बायको म्हणाली, "आता माणूस बोलाव." बोलावला.

२७ जानेवारी, सोमवार

रजा टाकली. फरशी घासणारे चाचा सकाळी नऊला आले. त्यांच्याकडे वेग कमी-जास्त होणारं, मधून पाणी सोडणारं यंत्र आहे. ओट्यावर हात फिरवून आधी विचारलं, "साहेब, खडी दाखवायची का नाही?" मला प्रश्नच कळला नाही. ५० नंबरने घासलं की वरचं सिमेंट जाऊन खालची खडी दिसायला लागते. एका ठिकाणी दिसली की सगळ्या ओट्यावर तेवढीच दाखवावी लागते, नाहीतर खरूज झाल्यासारखं दिसतं. माझ्या अर्धचंद्रात ती दिसायला लागलीच होती. त्यांनी तेवढ्यापुरतं सांभाळून घेतलं आणि बाकी सगळा ओटा २०० पासून सुरू केला. २००, ४००, ८००. त्यापुढे नको म्हणाले, फार गुळगुळीत झालं की वरचा सीलरचा हात धरत नाही.

६ ते ९ आणि माझं व्हिनेगरचं पाप २०० मध्येच गेलं. चार दिवसांचं पोटीस एकीकडे आणि हे वीस मिनिटांचं काम एकीकडे. मजुरी २,५००.

चाचांनी चिखल वायपरने बादलीत ओढला आणि बजावलं, "हे सिंकमध्ये नको." ते गेल्यावर उरलेला थोडा मी सिंकमध्येच सोडला. थोडाच तर होता! दुसऱ्या दिवशी पाणी तुंबलं. प्लंबरने पाइप काढून दाखवला, खाली वाकड्या भागात दगड झाला होता. ४०० रुपये. बादलीतला चिखल दोन दिवस बसू द्यावा, वरचं पाणी ओतावं, खालचा गोळा सुकवून पोत्यात टाकावा.

२८ जानेवारी ते २ फेब्रुवारी

घासल्यावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं उघडी पडली, शंभर तरी असतील. ओतताना अडकलेली हवा. भरायला करडं सिमेंट, थोडं पांढरं सिमेंट आणि पाण्याऐवजी लॅटेक्स (सिमेंटला चिकटपणा देणारं द्रव). रंग ओल्यावर जुळवला, सुकल्यावर भोकं फिकट ठिपक्यांसारखी उठून दिसायला लागली. ओलं सिमेंट गडद दिसतं हे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, मलाही होतं. पुन्हा टोकरून काढलं. दुसऱ्या वेळी टाइलच्या तुकड्यावर तीन मिश्रणं लावून दोन दिवस सुकू दिली, मग निवडलं. पट्टीने भरलं, चौथ्या दिवशी ४०० च्या वॉटर पेपरने हाताने घासलं.

५ फेब्रुवारी

सीलरआधी ओटा आतून सुकला आहे का ते बघायला दीड फुटाचं प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवलं. सकाळी आतून घाम. पंखा लावून आणखी दोन दिवस. हे तपासलं नसतं तर पापुद्र्याखाली फोड आले असते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसहून आलो, रात्री नऊला पॉलियुरेथेन कालवलं. अंदाजाने, डोळ्यांनी. रोलरने एक हात मारला, दिवे बंद करून झोपलो. फेब्रुवारीतली नाशिकची रात्र अजून अंगात स्वेटर मागते आणि खिडकी उघडी होती. सकाळी ओटा चिकट. रविवारीही चिकट. त्यात एक मच्छर आणि मांजराचा एक केस, तर मांजर आमचं नाहीच.

९ फेब्रुवारी, रविवार

नखाने उचलून निघतं इतकं मऊ. थिनर, फडकं, परत पुसून काढलं. चार तास. १,६०० रुपयांचं, म्हणजे अर्धं सामान वाया.

हॉलमध्ये स्वयंपाकाचा हा तेविसावा दिवस. आईने विचारणं सोडून दिलंय. आम्ही आठवड्यातून दोनदा मिसळीवर आहोत आणि मला आता रश्श्याचं नाव नको झालंय.

१६-१७ फेब्रुवारी

या वेळी सकाळी अकराला, उन्हाचा उबारा आल्यावर. स्वयंपाकघराच्या वजनकाट्यावर तोलून मिश्रण केलं, त्यासाठी आईची परवानगी आणि काट्याला प्लास्टिक. पातळ हात, लांब ओढ, एकाच दिशेने. संध्याकाळपर्यंत बोट चिकटेना. थंडी आणि माप या दोन्ही गोष्टी मी एकाच वेळी सुधारल्या, त्यामुळे आधीच्या वेळी नेमकं कोण नडलं ते वेगळं काढता येत नाही. तुम्ही दोन्ही पाळा.

सोमवारी मी कामावर. ३२० च्या वॉटर पेपरने हलकं घासून, पुसून दुसरा हात हिने मारला आणि माझ्यापेक्षा सरळ मारला. माझ्या हातात रोलरच्या कडेच्या रेषा दिसतात, तिच्यात नाहीत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आठवडाभर ओटा मोकळा ठेवला, पाण्याचा थेंबही नाही. आज शेगडी परत आली. सदतीस दिवस.

हिशोब : पेरॉक्साइड, सोडा, मुलतानी, टर्पेंटाइन ५४०. थिनर, खरवडणी, मास्क, हातमोजे ७८०. पॅडचा संच १,४५० (पूर्ण फुकट). चाचा २,५००. प्लंबर ४०० (फुकट). लादीच्या चाचणीसाठी सिलॉक्सेन ६५० आणि मेण २८०. पॉलियुरेथेनचा किट ३,२०० (अर्धा फुकट). सिमेंट, लॅटेक्स, वॉटर पेपर, रोलर ६१०. एकूण १०,४१०. मिसळ यात धरलेली नाही. आई एवढंच म्हणाली, "एवढ्यात ग्रॅनाइट आला असता."

२ मार्च

रोजचं ठरलं ते असं. सौम्य लिक्विड साबणाचे दोन थेंब पाण्यात, मऊ फडकं, मग कोरडं फडकं. हिरवी घासणी, तारेची घासणी, भांड्यांची पावडर, ब्लीच ओट्याला नाही. तारेच्या घासणीचे तुकडे तर ओल्या ओट्यावर गंजतात आणि नवा ११ नंबर तयार होतो. नळाच्या बुडाशी क्षार धरू नयेत म्हणून रात्री तिथलं पाणी वायपरने ओढायचं. व्हिनेगरची बाटली बाथरूममध्ये, तिथेच.

गरम भांड्यांसाठी आईने जुन्या सुती साडीच्या दोन चुंबळी वळल्या. बाजारात मिळणारे लाकडी स्टँड मी आणले होते, ते कढई ठेवताच घसरतात. चुंबळ घसरत नाही.

आंबटासाठी तिचीच युक्ती : एक पसरट जुनी परात ओट्यावर कायमची. लिंबू, टोमॅटो, चिंचेचा कोळ, जे आंबट ते परातीत. तिला घरात आता 'आंबट परात' हेच नाव पडलंय.

भांडी घासणाऱ्या मावशींना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, म्हणजे वटा पुसायचा का पूजायचा?"

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. मुलगा मित्रांबरोबर रहाड (रंगपंचमीला उघडतात तो रंगाच्या पाण्याचा हौद) बघायला गेला आणि उडी मारूनच परतला. फ्रिजकडे जाताना ओल्या हातांचे गुलाबी पंजे ओट्यावर उमटले. मी ओरडायच्या आत हिने ओल्या फडक्याने पुसले, गेलेही. नळाशेजारी एका भोकात मात्र गुलाबी ठिपका राहिला. म्हणजे तिथे पापुद्रा धरला नव्हता. कापसाच्या काडीने पेरॉक्साइड लावून फिका केला, सुकू दिला आणि बारीक ब्रशने पॉलियुरेथेनचा थेंब सोडला. ज्यांना करायचंय त्यांनी शेवटच्या हाताआधी ओट्यावर टॉर्च आडवा धरून बघावं, चुकलेली भोकं सावलीने दिसतात.

८ जून, रविवार

लोणच्याचा दिवस. आठ किलो कैरी, मोठा अडकित्ता, हळद, मोहरीची डाळ, मेथी, तेल. आंबट परात पुरेना म्हणून ओट्यावर जाड प्लास्टिक अंथरलं. अडकित्त्याचा पाय प्लास्टिकमधून घुसून दोन इंचाचा ओरखडा पडला आणि संध्याकाळपर्यंत त्या ओरखड्यात खार बसून त्याची पांढरी रेघ झाली. बोटाने बघितलं, खरखरीत. ओलं केलं, दिसेनासं झालं. खाल्लेली जागा. या वेळी पोटीस काढलंच नाही.

४०० च्या वॉटर पेपरने रेघेच्या दोन्ही बाजूंना बोटभर घासलं, कडा फिकट होत गेल्या पाहिजेत, चौकोन नको. धुऊन दोन दिवस सुकवलं. वजनकाट्यावर दहा ग्रॅम मिश्रण, कापडाच्या गुंडाळीने एक पातळ हात. आडव्या उजेडात जोड दिसतो, उभ्याने काम करताना दिसत नाही. वेळ चाळीस मिनिटं, खर्च शून्य, सामान उरलेलंच.

३ नंबरची हळदीची सावली आता उन्हाने पूर्ण गेली. ५ ची कड आहे, पण माहीत असलेल्यालाच सापडते. ११ चा गंज जसाच्या तसा. त्याच्यावर आईने लोणच्याची बरणी ठेवली आहे, खाली चुंबळ घालून.